लाल चेंडूचा पहिला हिवाळा

१९७८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या दोन मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांचे हक्काचे भाडेकरू एकापाठोपाठ गेले. क्लीव्हलंडजवळच्या रिचफील्ड कोलिझियममध्ये खेळणारा आइस हॉकीचा ‘बॅरन्स’ संघ जूनमध्ये मिनेसोटाच्या संघात विलीन झाला. ह्यूस्टनच्या ‘समिट’मध्ये खेळणारा ‘एरोज’ हा हॉकीचाच संघ जुलैत बंद पडला. हॉकीचा एक संघ म्हणजे क्रीडागृहाला हिवाळ्यात चाळीसेक संध्याकाळींची हमी. सामना असो वा नसो, इमारतीच्या कर्जाचे हप्ते आणि नोकरांचे पगार थांबत नाहीत. त्यामुळे रिकामी तारीख हा क्रीडागृहाच्या मालकाला सरळसरळ तोटा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या दोन्ही ठिकाणी हिरवं कृत्रिम गवत अंथरलं गेलं आणि त्यावर फुटबॉल सुरू झाला. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. मेजर इनडोअर सॉकर लीगचा १९७८-७९ चा पहिला मोसम फुटबॉलच्या प्रेमातून जन्मला असं म्हणता येणार नाही. तो जन्मला रिकाम्या तारखांच्या हिशोबातून. पण पुढे जे घडलं ते हिशोबात बसणारं नव्हतं, आणि म्हणूनच त्या मोसमाची हकीकत सांगावीशी वाटते.

कल्पनेचं बीज चार वर्षं आधी पडलं होतं. ११ फेब्रुवारी १९७४ रोजी फिलाडेल्फियाच्या स्पेक्ट्रम क्रीडागृहात सोव्हिएत लष्कराचा संघ आणि स्थानिक ‘अॅटम्स’ यांच्यात छपराखालचा एक प्रदर्शनी सामना झाला. अॅटम्स हे आदल्या वर्षीचे नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचे विजेते. त्या काळात अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्यांना मोकळ्या मैदानावरही फारशी गर्दी नसायची. त्या रात्री मात्र ११,७९० प्रेक्षक आले. सोव्हिएत संघ ६-३ असा जिंकला, तरी हरलेल्या संघासाठीही लोक उभं राहून ओरडत होते. शीतयुद्धाच्या दिवसांत रशियन लष्कराचे खेळाडू पाहायला मिळताहेत, हे त्या गर्दीचं एक कारण नक्कीच होतं. पण भिंतींना आपटून परतणारा चेंडू, न थांबणारा खेळ आणि हाताच्या अंतरावर धावणारे खेळाडू यांनी त्या गर्दीला जागेवर धरून ठेवलं.

फिलाडेल्फियात बंदिस्त लॅक्रॉसचा संघ चालवणारे एड टेपर आणि वॉशिंग्टनचे वकील अर्ल फोरमन या दोघांनी मिळून पुढे ही लीग उभी केली. फोरमन लीगचे आयुक्त झाले. हा माणूस खेळाच्या धंद्यात चांगलाच होरपळलेला होता. अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही प्रस्थापित लीगशी टक्कर द्यायला निघालेली बंडखोर लीग. तिच्यातला ‘व्हर्जिनिया स्क्वायर्स’ हा संघ फोरमन यांचा. पैशाच्या ओढाताणीत त्यांना १९७३ मध्ये ज्यूलियस अर्व्हिंग आणि पुढच्या वर्षी जॉर्ज गर्व्हिन विकावे लागले. दोघेही पुढे बास्केटबॉलच्या इतिहासातले मोठे खेळाडू ठरले. प्रस्थापितांशी भांडायचं तर निराळं काही दाखवावं लागतं आणि ते दाखवणारा खेळाडू हातचा जाऊ द्यायचा नसतो, हे दोन्ही धडे फोरमन तिथे शिकले असणार. त्या बास्केटबॉल लीगचा चेंडू लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगाचा होता. फोरमन यांच्या नव्या फुटबॉल लीगचा चेंडू आला तोही लालभडक.

तेव्हा अमेरिकेत मैदानी फुटबॉलला भरती आलेली होती. पेलेला घेऊन न्यूयॉर्क कॉसमॉसने स्टेडियम भरवून दाखवली होती. हाच कॉसमॉस सप्टेंबर १९७७ मध्ये कोलकात्यात ईडन गार्डन्सवर उतरला आणि मोहन बागानने त्याला २-२ असं बरोबरीत रोखलं, हे आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना आजही पाठ आहे. पण नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचा मोसम उन्हाळ्यापुरता होता. सप्टेंबर उजाडला की पुढच्या वसंतापर्यंत शेकडो व्यावसायिक खेळाडूंना काम नसे. एकीकडे रिकामी क्रीडागृहं, दुसरीकडे रिकामे खेळाडू. या दोन रिकामपणांची गाठ घालून देणं हेच फोरमन आणि टेपर यांचं खरं काम होतं.

खेळाचे नियम अर्धे फुटबॉलचे, अर्धे आइस हॉकीचे. गोलरक्षक धरून एका बाजूला सहा खेळाडू. पंधरा मिनिटांचे चार डाव, म्हणजे साठ मिनिटांचा खेळ. मैदान हॉकीच्या रिंकाएवढं, सभोवती लाकडी फळ्या आणि वर पारदर्शक काचफलक. गोल त्या फळ्यांच्या रांगेतच बसवलेला. चेंडू बाहेर जाणं जवळजवळ नाहीच. फळीवर आपटून तो परत खेळात येतो आणि तसा तो यावा म्हणून मुद्दाम फळीवर मारताही येतो. कॅरममध्ये मुरलेला खेळाडू सोंगटीला सरळ न मारता कडेवरून घेतो, तसंच काहीसं. बदली खेळाडूंना मर्यादा नाही. खेळ चालू असतानाच एक जण फळीवरून उडी मारून बाहेर येतो, दुसरा आत जातो. मिनिट-दोन मिनिटं जीव तोडून धावायचं, मग बाकावर बसून धाप घालवायची. धसमुसळेपणा केला तर दोन मिनिटं शिक्षेच्या कोठडीत बसायचं, आणि तेवढा वेळ आपला संघ एक गडी कमी घेऊन झुंजणार.

मैदानी फुटबॉलच्या पंडितांना हा प्रकार बाटगा वाटला. मला ते पटत नाही. नव्वद मिनिटांच्या खेळात जागा शोधण्याचं कसब लागतं. इथे जागा नसतेच, त्यामुळे ती निर्माण करावी लागते. पहिल्याच स्पर्शात चेंडू ताब्यात आला नाही तर दुसरा स्पर्श मिळत नाही. गोलरक्षकाचं काम तर फारच कठीण. सरळ येणारा फटका अडवला तरी तो मागच्या फळीवर आपटून पुन्हा समोर येतो, आणि तिथे कोणीतरी पाय उगारून उभाच असतो. मैदानी सामन्यात गोलरक्षकाला दहा-दहा मिनिटं काम नसतं. इथे नजर हलवायची सोय नाही.

पहिल्या मोसमाला सहा संघ जमले. न्यूयॉर्क अॅरोज, फिलाडेल्फिया फीव्हर, पिट्सबर्ग स्पिरिट, सिनसिनाटी किड्स, क्लीव्हलंड फोर्स आणि ह्यूस्टन समिट. ह्यूस्टनने क्रीडागृहाचंच नाव संघाला दिलं होतं. प्रत्येकाने चोवीस सामने खेळायचे, मग वरच्या संघांची बाद फेरी. बहुतेक संघांना खेळाडू मिळाले ते मैदानी लीगमधून. ह्यूस्टनचा संघ तिथल्याच ‘हरिकेन’ या मैदानी संघातल्या खेळाडूंवर उभा राहिला आणि न्यूयॉर्कचा ‘रॉचेस्टर लान्सर्स’वर. त्यामुळे या दोघांचे खेळाडू एकमेकांना आधीपासून ओळखत होते. मोसमभर हे दोन संघ वरच्या संघांत राहिले, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

२२ डिसेंबर १९७८. न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवरचं नॅसॉ कोलिझियम. एरवी ही आयलंडर्स या हॉकी संघाची जागा. पहिला सामना अॅरोज विरुद्ध किड्स. मानाचा पहिला चेंडू मारायला आला पीट रोझ, म्हणजे त्या वर्षीचा बेसबॉलमधला सर्वांत गाजलेला माणूस. त्याच मोसमात त्याने सलग चव्वेचाळीस सामन्यांत यशस्वी फटके मारून देश खिळवून ठेवला होता, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सिनसिनाटी सोडून फिलाडेल्फियाशी मोठा करार केला होता. किड्स संघाच्या मालकांपैकी तो एक. आपल्या संघाच्या पहिल्या सामन्याला त्याने हजेरी लावली आणि संघ ७-२ असा सडकून हरला. पण फोरमन यांच्या दृष्टीने त्या रात्रीचा महत्त्वाचा आकडा वेगळाच होता. १०,३८६ प्रेक्षक. नाताळ तीन दिवसांवर आलेला, लीगचं नाव कोणी ऐकलेलं नाही, खेळ नवा, आणि तरीही दहा हजारांवर माणसं घराबाहेर पडली.

त्या किड्स संघात टाय कीओ नावाचा सेंट लुईसचा एक तरुण खेळत होता. त्याचे वडील हॅरी कीओ १९५० च्या विश्वचषकात इंग्लंडला १-० असं हरवणाऱ्या अमेरिकन संघातले. भारताने पात्र असूनही ज्या विश्वचषकाला संघ पाठवला नाही, तोच हा विश्वचषक. त्या विजयानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेत फुटबॉल पुन्हा अंधारातच राहिला होता. मुलगा व्यावसायिक खेळाडू झाला, पण उभा राहिला तो हॉकीच्या फळ्यांमध्ये. त्या देशात या खेळाची वाट किती वाकडीतिकडी होती, हे या एका घराण्यावरून कळतं.

आता त्या माणसाकडे येऊ, ज्याच्यामुळे हा मोसम लक्षात राहिला. स्लाविशा झुंगुल. अमेरिकेत त्याचा ‘स्टीव्ह’ झाला. वय चोवीस. युगोस्लाव्हियातल्या हायडुक स्प्लिट या नावाजलेल्या क्लबचा आघाडीचा खेळाडू. त्या क्लबने १९७० च्या दशकात राष्ट्रीय चषक लागोपाठ पाच वेळा जिंकला, त्या काळातला. देशाच्या संघातूनही तो खेळलेला. पश्चिम युरोपातल्या क्लबांनी त्याच्यासाठी थैल्या मोकळ्या केल्या असत्या. पण टिटोंच्या युगोस्लाव्हियात नियम कडक होता. लष्करी सेवा पूर्ण केल्याशिवाय आणि वयाची अठ्ठावीस वर्षं झाल्याशिवाय परदेशी क्लबकडे जाता येत नसे. फुटबॉलपटूची उमेदीची वर्षं कोणती, हे तो नियम करणाऱ्यांना चांगलं माहीत होतं. म्हणूनच तर नियम होता.

१९७८ च्या डिसेंबरात झुंगुल न्यूयॉर्कला आला आणि परत गेलाच नाही. अॅरोजचे प्रशिक्षक डॉन पोपोविच हेही मूळचे युगोस्लाव. त्यांच्या संघाची दारं त्याला उघडी झाली. युगोस्लाव्ह महासंघाने त्याचं ना-हरकत पत्र अडवलं आणि फिफाने त्याला मैदानी फुटबॉल बंद केला. जगात जिथे जिथे फिफाचा शब्द चालत होता, तिथे कुठेही तो खेळू शकत नव्हता. बार्सिलोना नाही, म्युनिक नाही, कॉसमॉसही नाही. पण मेजर इनडोअर सॉकर लीग फिफाच्या छत्राखाली नव्हती. तिला फिफाने मान्यता दिलेली नव्हती, म्हणून फिफाची बंदीही तिला लागू नव्हती. ज्या एका गोष्टीमुळे जाणकार या लीगला कमी लेखत होते, त्याच गोष्टीने तिला तिचा सर्वांत मोठा खेळाडू मिळवून दिला.

पहिल्या मोसमात झुंगुल चोवीसपैकी अठराच सामने खेळला. त्यात त्याने ४३ गोल केले, म्हणजे सामन्यामागे दोनाहून जास्त. सर्वाधिक गुणांचा मान फिलाडेल्फियाच्या फ्रेड ग्रगुरेवला मिळाला, पण मोसमातला सर्वोत्तम खेळाडू झुंगुलच ठरला. झुंगुलच्या खेळात दिखाऊपणा नव्हता. लांब पल्ल्याचे तोफगोळे मारणाऱ्यांतला तो नव्हे. दूरच्या खांबाजवळ तो असा उभा राहायचा की बचाव करणाऱ्याला वाटावं, याला खेळात रस नाही. चेंडू फळीवर आपटून कुठे पडणार, याचा अंदाज त्याला इतरांच्या अर्धा सेकंद आधी यायचा, आणि छोट्या मैदानात अर्धा सेकंद म्हणजे पुष्कळ झाला. चेंडू यायच्या आधी तो तिथे पोचलेला असे. मग पायाचा हलका स्पर्श, आणि गोलरक्षक उलट्या दिशेला. पुढे लोक त्याला बंदिस्त मैदानाचा सम्राट म्हणू लागले, ते या अर्ध्या सेकंदाच्या जोरावर.

त्याच्या मागे गोलमध्ये उभा होता शेप मेसिंग. त्याच लाँग आयलंडवर वाढलेला, हार्वर्डचा पदवीधर, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळलेला आणि १९७७ मध्ये पेलेबरोबर कॉसमॉसचं विजेतेपद मिळवलेला. स्वतः ज्यू असलेल्या मेसिंगने म्युनिकच्या ऑलिंपिक ग्राममध्ये इस्रायली खेळाडूंच्या हत्याकांडाचे दिवस जवळून पाहिले होते. कॉसमॉसनंतर तो ओकलंडला गेला, तिथून रॉचेस्टरला, आणि हिवाळ्यात घराजवळच्या नॅसॉ कोलिझियममध्ये परतला. बंदिस्त खेळात त्याचा धीटपणा विशेष उपयोगी पडला. तो गोलरेषेवर थांबायचा नाही. पुढे येऊन फटका मारणाऱ्याच्या पायाशीच झेप घ्यायचा. याच संघात ब्रँको सेगोटा हा अवघ्या सतरा वर्षांचा मुलगा होता. जन्म युगोस्लाव्हियातला, वाढला कॅनडात. पुढे तो या खेळातल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांपैकी एक झाला. देश सोडून आलेला चोवीस वर्षांचा खेळाडू, हार्वर्डचा गोलरक्षक आणि सतरा वर्षांचं पोर, अशी या संघाची मोट होती.

साखळीत मात्र अॅरोज पहिले आले नाहीत. तो मान ह्यूस्टनचा. फिनलंडहून आलेले टिमो लीकोस्की तिथले प्रशिक्षक आणि त्यांचेच देशबांधव काई हास्किवी मधल्या फळीत. या संघाने चोवीसपैकी अठरा सामने जिंकले. न्यूयॉर्कने सोळा. तळाला क्लीव्हलंड. बर्फावरचा संघ गेल्यावर त्या शहराने उमेदीने नवा खेळ आणला आणि पहिल्याच हिवाळ्यात पराभवांची रांग पाहिली. पण बाद फेरीत ह्यूस्टन अंतिम सामन्यापर्यंत पोचलाच नाही. तीनपैकी दोन सामने जिंकेल त्याचं विजेतेपद, अशा अंतिम लढतीत न्यूयॉर्कसमोर आलं फिलाडेल्फिया. ज्या शहरात १९७४ ला सोव्हिएत संघ पाहून ही कल्पना सुचली, त्या शहराचा संघ पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत होता. मार्च १९७९ मध्ये अॅरोजने पहिले दोन्ही सामने जिंकले, तिसऱ्याची गरजच पडली नाही. अंतिम लढतीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली मेसिंगची. जिथे गोलांचा पाऊस पडतो, तिथे पहिल्याच अंतिम लढतीचा मान गोल अडवणाऱ्याला मिळाला, ही निवड मला फार योग्य वाटते.

मोसम संपला आणि हिशोब मांडायची वेळ आली. सिनसिनाटी किड्स एका मोसमात मिटले. पीट रोझच्या नावाने पहिल्या रात्रीची बातमी झाली, पण नावावर संघ चालत नाही. साखळीत पहिला आलेला ह्यूस्टनचा संघ १९८० मध्ये गाशा गुंडाळून बाल्टिमोरला गेला आणि तिथे ‘ब्लास्ट’ या नावाने नांदला. दुसरीकडे नवे संघ आले. सेंट लुईसच्या ‘स्टीमर्स’ने काही मोसम तिथल्या हॉकी संघाहून जास्त प्रेक्षक खेचले. अॅरोजने १९७९ ते १९८२ अशी लागोपाठ चार विजेतेपदं घेतली, आणि १९८०-८१ च्या मोसमात झुंगुलने चाळीस सामन्यांत १०८ गोल केले. ज्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचे खेळाडू उसने घेऊन हा प्रयोग सुरू झाला, तिने १९७९-८० पासून स्वतःचा बंदिस्त मोसम काढला, आणि १९८४ नंतर ती लीगच उरली नाही. मैदानी लीग गेल्यावरही छपराखालची लीग आठ वर्षं टिकली. १९९२ मध्ये तीही संपली.

आपल्याकडेही असाच एक प्रयोग झाला. जुलै २०१६ मध्ये चेन्नई आणि गोव्यात ‘प्रीमियर फुटसाल’ भरली. फुटसालला फळ्या नसतात, तो खेळ वेगळा, पण छपराखालच्या छोट्या मैदानावर पैसा लावून लीग उभी करण्याची धडपड तीच. गोव्याच्या संघाकडून रोनाल्डिन्हो खेळून गेला, आणि म्हापशाच्या पेडे क्रीडागृहात अंतिम सामना मुंबईने कोचीविरुद्ध पेनल्टीवर जिंकला. या लीगलाही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती. दुसरा मोसम २०१७ मध्ये झाला, तिसरा झाला नाही. दोन्हींत मोठा फरक मला असा दिसतो की इथे मोठी नावं काही दिवसांसाठी आणली गेली. झुंगुलला मात्र दुसरीकडे जायला जागाच नव्हती. तो दर हिवाळ्यात त्याच फळ्यांमध्ये उतरला, आणि प्रेक्षकांना परत यायला कारण मिळालं.

अमेरिकेतल्या अनेक जाणकारांनी ही लीग सर्कस म्हणून बाजूला सारली. पहिल्या मोसमाकडे नीट पाहिलं तर हा निकाल टिकत नाही. तिने हिवाळ्यात बेकार बसणाऱ्या खेळाडूंना पगार दिला, सतरा वर्षांच्या मुलाला संधी दिली आणि साऱ्या जगाने दार लावलेल्या एका उत्तम फुटबॉलपटूला खेळू दिलं. युगोस्लाव्हियाने अडवलेलं ते पत्र पुढे सुटलं, झुंगुल मैदानी फुटबॉलमध्ये उतरला आणि १९८४ साली नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगच्या शेवटच्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. बंदिस्त लीगमधले त्याचे गोल एकूण ६५२. सहा वेळा तो तिथला सर्वोत्तम खेळाडू झाला. अमेरिकेच्या नॅशनल सॉकर हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली ती २०२३ मध्ये, लीग बंद पडल्यानंतर एकतीस वर्षांनी. फार उशीर झाला.